धमन्यांतील चुना आणि अर्धांगवायु

कारंजा (घाडगे) हें वर्धा जिल्ह्यांतील, नागपूर-अमरावती रस्त्यावरील तालुक्याचें गांव. येथून अर्धांगवायूचा रोगी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत किंवा नागपुरास नेला, म्हणजे प्रथम त्याच्या मस्तकाचें सी. टी. स्कॅन काढतात. त्या चित्रांत मेंदूच्या तळाशीं पुष्कळदां शुभ्र ठिपके व रेघा दिसतात आणि अहवालांत ‘धमन्यांत चुना सांचला आहे’ असा शेरा येतो. तो वाचून वडील मंडळी धास्तावतात. तरुण मंडळी ‘वयपरत्वें चालायचेंच’ म्हणून कागद मिटून ठेवतात. हीं दोन्हीं टोकें आम्हांस सारखींच अनिष्ट वाटतात.

१९२४ सालीं लेनिनच्या शवाची तपासणी झाली, तेव्हां त्याच्या मेंदूच्या धमन्या चिमट्यानें ठोकतां दगडासारख्या वाजल्या. परंतु तें ज्ञान मरणोत्तर. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं वर्ध्यास शेठ जमनालालजी बजाज मेंदूंतील रक्तस्रावानें अकस्मात् गेले, तेव्हांही जिवंत मेंदू असा पाहण्याचें साधन जगांत नव्हतें. सी. टी. यंत्र रोग्यावर प्रथम वापरलें गेलें तें १९७१ सालीं, लंडनच्या विम्बल्डन भागांत. त्याचे जनक हाउन्सफील्ड यांस कॉर्मॅक यांच्यासह १९७९ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हा चुना पानाच्या डब्यांतून किंवा दुधाच्या पेल्यांतून येत नाहीं. रक्ताचा वाढता दाब, मधुमेह, तंबाखू, मूत्रपिंडाचे विकार व वार्धक्य ह्यांच्या योगें धमनीच्या भिंतींतील स्नायुपेशी हळूहळू हाडांतील पेशींसारख्या वागूं लागतात व चुन्याचे क्षार सांठवितात. ते आंतल्या अस्तरांतील मेदाच्या थरांत बसले, तर वाट अरुंद होऊन गुठळी धरण्याचें भय असतें. मधल्या पदरांत बसले, तर वाट बहुधा मोकळी राहते; पण नळी ताठ होऊन नाडीच्या प्रत्येक ठोक्याचा धक्का पुढील बारीक वाहिन्यांस सोसावा लागतो. अर्थात् शुभ्र रेघ म्हणजे बंद पडलेली वाट नव्हे, आणि झटक्याचें कारण हृदयांत किंवा मानेंतील धमनींतही असूं शकतें. हॉलंडांतील रॉटरडॅम शहरीं उतारवयाच्या लोकांची पाहणी झाली, तींत पांचांपैकीं सुमारें चौघांच्या धमन्यांत असा चुना आढळला. मात्र ज्यांच्या ठायीं तो अधिक, त्यांस पुढें अर्धांगाचा धोकाही अधिक दिसला.

सांचलेला चुना उतरविणारें खात्रीचें औषध अद्याप निघालेलें नाहीं. पण दाब व साखर आटोक्यांत ठेवणें आणि तंबाखू सोडणें आपल्या हातीं आहे. एकत्र कुटुंबांत आजोबांचा दाब नेमानें मोजला जातो. पण आजी, काकू, सूनबाई ह्यांचा कितीदां मोजला जातो, हें प्रत्येक गृहस्थानें स्वतःस विचारावें.

आणि तोंड वांकडें झालें, एक हात लुळा पडला किंवा बोलणें अडखळलें, तर तेल चोळीत व काढे देत घटका दवडूं नयेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आंतच देतात, आणि तेंही मेंदूंत रक्तस्राव नाहीं हें स्कॅनवर पाहिल्यानंतरच. म्हणून घरच्या घरीं कसलीही गोळी देऊं नये. झटका नेमका किती वाजतां आला, तें मात्र लिहून ठेवावें. चुना सांचावयास वर्षें लागतात; रोगी वांचवावयास मात्र तासच हातीं असतात.