टागोरांची दहा वर्षं

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लेखकाच्या निधनानंतर पन्नास वर्षं हक्क राखले होते. रवींद्रनाथ टागोर ऑगस्ट १९४१ मध्ये गेले. मुदत पुढच्या जानेवारीपासून मोजतात, म्हणजे १९९१ सरलं की त्यांचं लेखन कुणीही छापावं. हक्क विश्वभारतीकडे होते, उत्पन्नही तिकडेच जात होतं. वर्ष संपायला तीन-चार दिवस उरले असताना केंद्र सरकारनं वटहुकूम काढला, १९९२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि पन्नासाची साठ वर्षं झाली.

निमित्त एका कवीचं असलं तरी कायदा सरसकट सगळ्यांना लागला. साने गुरुजींचं निधन जून १९५० मधलं. ‘श्यामची आई’ २००१ मध्ये खुली व्हायची, ती झाली २०११ मध्ये. मग मात्र प्रकाशकांची झुंबड उडाली. काही आवृत्त्यांचं मुद्रितशोधन कुणी केलं असावं का, अशी शंका येते. तरी पुस्तक स्वस्तात घरोघरी गेलं याचा मला आनंदच आहे. अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा, हक्कांच्या मुदतीतला. २०२३ मध्ये नवा चित्रपट आला तेव्हा मूळ पुस्तकासाठी कायद्यानं कुणाची परवानगी लागत नव्हती.

मर्ढेकर आणि बाबासाहेब आंबेडकर दोघेही १९५६ मध्ये गेले, त्यामुळे दोघांचं हयातीत छापलेलं लेखन २०१७ च्या पहिल्या दिवशी मोकळं झालं. बाबासाहेबांच्या बाबतीत मात्र तारखा तेवढ्यावर थांबत नाहीत. लेखकाच्या पश्चात प्रथम छापलेल्या लेखनाची साठ वर्षं प्रकाशनापासून धरतात. धम्मावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये आला, तो वर्षभर मागे राहिला. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ राज्य सरकारच्या ग्रंथमालेत १९८७ मध्ये आलं. या हिशेबानं त्याचे हक्क २०४७ अखेरपर्यंत.

नावाजलेल्यांचं निभावतं, वारस सापडतात, करार होतात. वाढीव दहा वर्षं जाचली ती विस्मरणात गेलेल्यांना. १९४१-४२ मध्ये गेलेल्या एखाद्या कथालेखकाची गोष्ट संग्रहात घ्यायची तर नव्वदीच्या दशकात परवानगी मागायची कुणाकडे? प्रकाशनसंस्था बंद, वारस विखुरलेले, पाठवलेलं पत्र परत. संपादक नाइलाजानं दुसरी कथा निवडणार. सावरकरांचे हक्क २०२६ अखेर संपतात, अत्र्यांचे २०२९ अखेर. त्या तारखा प्रकाशकांनी मांडून ठेवल्या असतील. कुणी कधी वारलं याचीच नोंद नाही, अशा लेखकांची मुदत संपली की नाही हेसुद्धा ठरवता येत नाही.