घाटकोपरहून भायखळ्याला, वर्गणीच्या शोधात

घाटकोपरहून जलद लोकल पकडली की कुर्ला, दादर आणि तिसरा थांबा भायखळा. एरवी आपण भायखळ्याला उतरत नाही, दारातल्या गर्दीकडे लक्ष ठेवून सीएसएमटीची वाट पाहतो. पण एखाद्या रविवारी मुद्दाम उतरावं. जुनी वास्तू वाचवायला पैसा येतो कुठून, या प्रश्नाची दोन उत्तरं या एकाच स्थानकाच्या परिसरात सापडतात.

पहिलं उत्तर म्हणजे हे स्थानकच. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या पहिल्या गाडीच्या मार्गावरचं हे ठिकाण. इथल्या जुन्या दगडी इमारतीवर रंगांचे थर आणि पत्र्यांची आडवीतिडवी जोडकामं चढली होती. बजाज ट्रस्टचा पैसा, 'आय लव्ह मुंबई' या संस्थेचा पुढाकार आणि वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांचं काम यांतून ती पुन्हा मोकळी झाली. २०२२ मध्ये युनेस्कोने तिला आशिया-प्रशांत विभागाचा वारसा पुरस्कार दिला. गाड्या मात्र या काळातही धावतच होत्या.

दुसऱ्या उत्तरासाठी पूर्वेला बाहेर पडून राणीच्या बागेकडे चालायचं. बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय आहे. मुंबईतलं हे सर्वांत जुनं वस्तुसंग्रहालय लोकांच्या वर्गणीतून उभारायला घेतलं. त्यासाठीच्या समितीचे अध्यक्ष नाना शंकरशेट. रेल्वे मुंबईत यावी म्हणून धडपडलेले तेच नाना. चिटणीस दोन, डॉ. जॉर्ज बर्डवूड आणि डॉ. भाऊ दाजी. भाऊ दाजी पेडण्याजवळच्या मांद्र्याचे. डॉक्टरकी करता करता शिलालेख वाचणारे, कुष्ठरोगावर औषध शोधणारे. १८६२ च्या १९ नोव्हेंबरला कोनशिला बसली. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला तो काळ, त्यामुळे देणाऱ्यांचे हात सैल होते. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, शेअरबाजार कोसळला आणि काम अडलं. त्याच वर्षी नानाही गेले. पुढे सरकारने काम पुरं केलं आणि १८७२ च्या मे महिन्यात दारं उघडली.

आत गेल्यावर मान आपोआप वर जाते. ओतीव लोखंडाचे खांब, जिन्याचे कठडे, छतावरची नक्षी, पायाखाली रंगीत फरश्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस हे सगळं ओल आणि गळतीने काळवंडलं होतं. २००३ च्या फेब्रुवारीत महापालिका, वारसा जतनाचं काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी करार केला. वास्तू पालिकेची, जाणकारी इंटॅकची, निधी फाउंडेशनचा. संवर्धन-वास्तुविशारद विकास दिलावरी यांनी कारागीर गोळा केले. नक्षीवर पुन्हा सोन्याचा वर्ख चढला. २००५ मध्येच या कामाला युनेस्कोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं होतं. पण जुन्या छपराला दर पावसाळा नवा असतो. पुढे दुरुस्तीसाठी संग्रहालय पुन्हा मोठा काळ बंद राहिलं आणि २०२५ च्या सुरुवातीला उघडलं. मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उद्घाटनाच्या फितीसाठी देणगीदार मिळतो. पन्हळी साफ करायला, लाकडाला वाळवी लागली का पाहायला दरवर्षी लागणारा पैसा कोण देणार? घाटकोपरच्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या चिटणिसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधीला आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडाला आपण दरवर्षी देतोच. दीडशे वर्षांच्या वास्तूलाही असा निधी हवा, असं मला मनापासून वाटतं.

परतीच्या गाडीत घाटकोपर आठवत राहतं. १९५० मध्ये मुंबई महापालिकेत सामील झालेलं हे उपनगर. टिळक रोड, हिंगवाला लेन या भागांत ओसरी-अंगणाची बैठी घरं आणि लाकडी जिन्यांच्या इमारती होत्या. त्या एकेक करून गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारे विकासहक्क, आणले. शहरातल्या जागांचे विकासहक्क मुख्यतः उपनगरांतच वापरले गेले आणि इथले मजले वाढत गेले. राहणाऱ्यांना पक्कं घर मिळालं, ते मिळायलाच हवं होतं. पण जाताना त्या घरांचा नकाशासुद्धा कुणी काढून ठेवला नाही.

खरं तर वर्गणी ही घाटकोपरच्या हाडीमाशी खिळलेली गोष्ट. देरासरं, शाळा, वाड्या, गणेशोत्सव मंडळं, सगळं पावतीपुस्तकावर उभं राहिलेलं. कंपन्यांच्या सामाजिक खर्चात वारसा जतन बसतं, २०१३ च्या कंपनी कायद्यात तशी स्पष्ट सोय आहे. पण कंपनीच्या दारात जायचं तर हातात कागद लागतात: मालकी कुणाची, छपराला किती खर्च, पुढची दहा वर्षं देखभाल कोण करणार. हे कागद तयार करण्यापुरती रक्कम एखादं मंडळ एका उत्सवात सहज उभी करेल. वास्तुकलेचे चार विद्यार्थी, मोजपट्टी, कॅमेरा आणि ज्यांचं बालपण त्या जिन्यावर गेलं अशा आजी-आजोबांसोबत काही दुपारी. उरलेल्या जुन्या इमारतींपासून सुरुवात करता येईल, पुनर्विकासाच्या सभेची नोटीस लागण्याआधी.