चेहऱ्यांची पारख आणि तिचा मोबदला

सेवाग्रामच्या बापूकुटीसमोर आज जे पाहुणे उभे राहतात, त्यांच्यापैकी कित्येकांनी गांधीजींना चालताबोलताना पाहिले आहे ते पडद्यावरच, आणि तेही बेन किंग्जले यांच्या रूपात. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ १९८२ साली प्रदर्शित झाला. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी त्यात कस्तुरबा झाल्या आणि त्या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. चित्रपटाने आठ ऑस्कर मिळवली. त्यांतील वेशभूषेचे ऑस्कर जॉन मोलो यांच्यासह कोल्हापूरच्या भानू अथैया यांना लाभले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. पात्रनिवडीचे काम इंग्लंडात सूझी फिगिस यांनी व भारतात डॉली ठाकोर यांनी पाहिले. त्यांच्या कामासाठी मात्र ऑस्करमध्ये विभागच नव्हता. तो पुरस्कार सुरू झाला २०२५ सालच्या चित्रपटांपासून!

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की व्यापारी घरांतील मुलेमुलीही आता ‘कास्टिंग डायरेक्टर व्हायचे आहे’ असे म्हणू लागली आहेत. मुलाने सेवाग्राम एक्स्प्रेसचे मुंबईचे तिकीट काढले, की घरात पहिला प्रश्न उमटतो: यात मिळते किती? पेढीवर वाढलेल्या माणसाने तो विचारणे स्वाभाविकच आहे.

मुख्य नट बहुधा निर्माता-दिग्दर्शकांच्या मनात आधीच ठरलेला असतो. कास्टिंग डायरेक्टरचा खरा कस लागतो तो उरलेल्या भूमिकांत. फौजदार, शेजारीण, मुनीम, एकच वाक्य बोलणारा टपालवाला, असे चेहरे तो शोधतो, त्यांच्या चाचण्या घेतो आणि तारखा व मानधन जुळवून देतो. जवाहिऱ्याची नजर आणि दलालाची चिकाटी, दोन्ही लागतात.

उत्पन्नाचा पक्का आकडा कोणी सांगू लागला, तर सावध राहावे. अमेरिकेसारख्या देशातही सरकारी वेतनपाहणीत या व्यवसायाचा वेगळा आकडा येत नाही. तो निर्माते-दिग्दर्शकांच्या गटात मोजला जातो, आणि त्या गटाचे मध्यम वार्षिक वेतन २०२३ मध्ये सुमारे ८२,५०० डॉलर होते. आपल्याकडे मोबदला सहसा कामागणिक ठोक ठरतो आणि हप्त्यांनी येतो. शेवटचा हप्ता रखडणे, हे उधारीचे दुखणे इथेही आहेच. त्या रकमेतूनच सहायकांचे पगार, कार्यालयाचे भाडे आणि कॅमेऱ्याचा खर्च भागवायचा. व्यावसायिक शुल्कावर सामान्यतः १० टक्के कर उगमस्थानीच कापला जातो; सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली, की जीएसटीची नोंदणी आली. म्हणजे ही नोकरी नव्हे, लहानशी पेढीच!

आरंभ सहायक म्हणून होतो. अंधेरी-वर्सोव्याच्या आरामनगरात दिवसभर चाचण्यांचे चित्रण करायचे, समोरच्या नटासाठी संवाद वाचायचे, शेकडो ध्वनिचित्रफितींना नावे देऊन त्या नीट लावून ठेवायच्या. हे कंटाळवाणे काम ज्याला आवडते, तोच टिकतो. पदवीची सक्ती नाही, तरी नाटकाची जाण हवी. वर्ध्यातच महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात नाट्य व चित्रपटाचे शिक्षण मिळते. मुंबई गाठण्यापूर्वी घराजवळ स्वतःला अजमावून पाहता येते.

एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. कास्टिंग डायरेक्टरचे शुल्क निर्मात्याने द्यायचे असते. नटाकडून नोंदणीच्या वा छायाचित्रांच्या नावाखाली पैसे मागणारा माणूस या व्यवसायातील नव्हे, ठकबाजीतील समजावा. आपला मुलगा ज्याच्या हाताखाली शिकणार, तो असे पैसे घेतो का, याची चौकशी पगाराआधी करावी.

पुढची वाट अरुंद आहे, पण बंद नाही. वेबमालिकांमुळे एकाच कथेत डझनांनी पात्रे लागतात. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’साठी नागपूरच्या वस्त्यांतील नवखी मुले पडद्यावर आली, अशा वेळी वऱ्हाडी बोली कानाने ओळखणारा माणूस मुंबईकराहून उपयोगी ठरतो. मुकेश छाब्रा आणि हनी त्रेहान याच कामातून पुढे दिग्दर्शक झाले. अभिषेक बॅनर्जी यांनी कास्टिंगबरोबर अभिनयातही नाव मिळवले.

तेव्हा घरात बसून ठरवायचे ते एवढेच, की मुंबईतील खोलीचे भाडे किती महिने पुरवायचे. तो आकडा मुलाच्या देखत वहीत लिहावा, आणि मुदत सरल्यावर ती वही दोघांनी मिळून उघडावी.