डावा खांदा

भालकीच्या बसस्टँडवर उदगीरची गाडी लागायला वेळ होता. बाकावरच्या दोन पोरांचं बोलणं फिरून फिरून एकाच आकड्यावर येत होतं: दीड कोटी. रस्त्याकडेच्या जमिनीचा भाव असावा, असं आधी वाटलं. पण मधेच 'रेड' आली, 'बोनस' आला, आणि कळलं की गोष्ट कबड्डीची आहे. विचारल्यावर त्यातला एक म्हणाला, "आमच्या गावात बी हाय की एक. लै चपळ. सांजच्याला या बघायला." उदगीरची गाडी लागली आणि गेली. ती तशीच जाऊ द्यावीशी वाटली.

गावाभोवती सगळी काळी माती. पावसाळ्यात पाय धरणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. तिच्यावर पडलं की गुडघा जायचाच. म्हणून पोरांनी वर्गणी काढून बिदरकडचा तांबडा मुरूम ट्रॅक्टरने आणला, चाळून पसरला, पाणी मारून दाबला. शिवार काळं आणि मध्ये हा तेरा मीटर बाय दहा मीटरचा तांबडा तुकडा. गावात कोणाचे कोपर लाल दिसले की समजायचं, हा खेळणारा.

धाकला आला त्याच्या आधी त्याचा वास आला. गरम तेलात कालवलेली हळद. डावा खांदा पिवळाधमक. वय एकोणीस, डिग्रीचं दुसरं वर्ष, आणि सकाळी अडतीवर हमाली. थोरला भाऊही खेळायचा, म्हणून हा धाकला. खांद्याचं विचारलं तर म्हणाला, "काय न्हाई, जरा लचकलाय." हे 'जरा' दिवाळीपासूनचं होतं, असं बाकीच्यांनी सांगितलं.

पळणं, बैठका, पकडीच्या जोड्या हे सगळं तासाभरात उरकलं. मग डाव सुरू झाला.

पुस्तकात 'चढाई' असली तरी महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना पोरं 'रेड'च म्हणतात. हातात तीस सेकंद, समोर सातजण. धाकला मध्यरेषेवर वाकला, बोटांनी माती उचलून तळहाताला चोळली आणि आत शिरला. आधी डाव्या कोपऱ्याकडे, नुसता भास द्यायला. कोपऱ्यातला खेळाडू घोट्यावर नजर लावून बसलेला असतो. चढाईपटूचा मागचा पाय क्षणभर जड झाला की तो झडप घालतो. धाकला पाय जड होऊच देत नाही. टाच न टेकवता चवड्यांवर सरकतो, बोनस रेषेपलीकडे एक पाय टाकतो, दुसरा हवेत ठेवतो. तेवढ्यात दोघे हात गुंफून अंगावर येतात. अशा वेळी तो वाकून साखळीखालून निसटतो आणि मध्यरेषेवर झेपावतो. झेपावतो तो डाव्याच हाताने, कारण लहानपणापासून तीच सवय. दर वेळी तोच खांदा मुरुमावर आपटतो.

"आपल्या सीमाभागाचाच पोरगा तो. दीड कोटी!" रेषेबाहेर उभे असलेले सर म्हणाले. सर शाळेत शिकवतात आणि शिट्टी स्वतःच्या पैशाने घेतात.

तो पोरगा म्हणजे सिद्धार्थ देसाई. गाव हुंदळेवाडी, तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर. हा सीमाभाग खरा, पण बेळगावकडचा. बेळगाव, कारवार, निपाणी म्हणत म्हणत सीमाभागाची यादी संपत आली की बिदर-भालकी येतात. तेवढ्या नात्यावर सर त्याला आपला म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. आकडा मात्र दीड कोटी नव्हता, 1 कोटी 45 लाख होता. वरचे पाच लाख गावाने घातलेत.

2018च्या प्रो कबड्डी लिलावात यू मुंबाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतलं. पहिल्याच मोसमात 21 सामने आणि चढाईचे 218 गुण. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजले. त्याही मोसमात त्याने दोनशेचा टप्पा ओलांडला. त्यानंतरचा मोसम बंगळुरूत झाला, आणि मोजके सामने खेळून तो बाहेर बसला. कारण खांदा. मग किंमत पुन्हा लाखांत उतरली. 2023मध्ये हरियाणा स्टीलर्सने परत 1 कोटी दिले. माणूस तोच, चढाई तीच. भाव मात्र तुरीसारखा वर-खाली.

सरांना हे सगळं ठाऊक आहे. पोरांना सांगताना ते दीड कोटीवरच थांबतात.

पवन सेहरावतचं नाव इथे तितकंच घेतलं जातं, कारण त्याने बंगळुरू बुल्सला 2019च्या जानेवारीत अंतिम सामन्यात 22 गुण मिळवून देऊन विजेतेपद जिंकून दिलं. 2022च्या लिलावात तमिळ थलायवाजनी त्याच्यावर 2 कोटी 26 लाखांची बोली लावली. पहिल्याच सामन्यात तो पकड करायला गेला, गुडघा दुखावला आणि मोसम संपला. पुढच्या वर्षी उठून त्याने हांगझोऊला भारताचं नेतृत्व केलं आणि आशियाई सुवर्ण आणलं, हेही खरं. पण असं उठून उभं राहणारे किती, हा हिशेब कोणी मांडत नाही.

अमेरिकन फुटबॉलमध्ये अशीच एक जागा असते, रनिंग बॅकची. चेंडू काखेत धरायचा आणि शंभर-सव्वाशे किलोच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं. त्याच्यापुढे वाट करून देणारे गडी तरी असतात. चढाईपटू आत गेला की एकटा. लॉस अँजेलिस रॅम्सचा टॉड गर्ली 2017मध्ये आक्रमणातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी त्याच्याशी चार वर्षांचा, पावणेसहा कोटी डॉलर्सचा करार झाला. 2020च्या मार्चमध्ये त्याच संघाने त्याला मोकळं केलं. तेव्हा त्याला सव्वीस पूर्ण व्हायची होती. अटलांटाकडून एक मोसम, आणि खेळ संपला. गुडघ्याने आधीच कुरकुर सुरू केली होती.

गर्लीची गोष्ट धाकल्याला सांगितली. त्याने एकच विचारलं, "पैसे मिळाले ना पर त्येला?"

उत्तर द्यायच्या आत सरांची शिट्टी वाजली. दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या. तिसरी करो या मरो: गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. धाकल्याने माती चोळली, आत गेला. बोनसला पाय टाकला तो या वेळी अंमळ जड पडला. कोपऱ्यातल्या पोराने घोटा धरला, दोघांनी कमरेला विळखा घातला, आणि चौघं मिळून डाव्या बाजूवर कोसळले. मुरुमाचा लाल धुरळा उठला. तो बसेपर्यंत कोणी बोललं नाही.

"दीड कोटी उठलं का रे?" कडेला बसलेल्या एकाने विचारलं. सगळे हसले. धाकलाही हसला. उठताना त्याने डावा हात टेकवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अडतीवर भेटला. नवी तूर आली होती, ट्रॉल्यांची रांग लागलेली. पोतं पाठीवर घेताना बाकीचे हमाल कोणताही खांदा पुढे करत होते. धाकला उजवाच करत होता. अकरा वाजेपर्यंत त्याची चाळीस पोती झाली. तुरीच्या भुश्शाच्या वासातही हळद-तेलाचा वास येतच होता. सांजच्याला खेळणार का, असं विचारल्यावर त्याने मान डोलवली आणि पुढचं पोतं घ्यायला वाकला.