शिकाऊ म्हणजे फुकटचा गडी नव्हे

उन्हाळा तोंडावर आला की कळंबपासून नागपूरपर्यंत पत्र्याचे कूलर घडू लागतात. धान्याच्या कोठ्या, पेट्या, पन्हळी हीसुद्धा पत्रे कारागिराचीच कामे. दुकानात हाताखाली राबणाऱ्या पोराला पगार विचारा, उत्तर मालक देतो : "अजून शिकतो आहे." या तीन शब्दांखाली गरिबाच्या लेकराची दोन-तीन वर्षे फुकट जातात.

आमचा सवाल असा, की शिकणारा पोटाला काय बांधणार? शिकणे आणि बेगार यांत कायद्याने केव्हाच रेघ ओढली आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ प्रमाणे लेखी करार व त्याची नोंदणी लागते, दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. २०१९ च्या सुधारणेने ते शिक्षणानुसार किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरवले; आयटीआय उत्तीर्णास ७,००० रुपये. नगावर पैसे देण्यास कलम १३ मनाई करते. कामावर बोट कापले तर कलम १६ नुसार भरपाईची जबाबदारी मालकाची. कलम ३-अ ने अनुसूचित जाती-जमातींना जागा राखून दिल्या आहेत.

मालक म्हणेल, माझे दुकान लहान. खरे आहे, सक्ती तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेवर आहे. पण मग नोंदलेला करार नसलेला पोरगा 'शिकाऊ' कसा? तो कामगार ठरतो आणि किमान वेतनाचा हक्कदार होतो. किमान वेतनाहून कमी देऊन राबवणे ही संविधानाच्या कलम २३ मधील वेठबिगारीच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितले आहे.

हुन्नर काही कमी प्रतीचा नाही. बावीस गेजचा पत्रा अठरापेक्षा पातळ का, कोठीचा आकार सपाट पत्र्यावर उलगडून कसा आखायचा, घडी घालताना किती जास्तीचा पत्रा सोडायचा, यात भूमिती आहे. आयटीआयमध्ये हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पुढे एस.टी.च्या कार्यशाळांत शिकाऊ उमेदवार घेतात. नागपूरजवळ हिंगण्याला तर गाड्यांचे सांगाडेच बांधतात.

हुन्नराचे दार कोणासाठी उघडे, हा प्रश्न आपल्याला जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो, हे कारण. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी नेमके तेच दार उघडा म्हणून आग्रह धरला. सगळ्यात हलके काम आपल्या वाट्याला आणि कसबाचे काम दुसऱ्याच्या, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती.

कायद्यात उणिवाही आहेत. कलम १८ उमेदवाराला कामगार मानत नाही, नोकरीची हमी मिळत नाही. तरी १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीवाल्याआधी प्राधान्य द्यावे.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच : पोराला कोणाच्या हाताखाली देण्याआधी कराराचा कागद मागा, विद्यावेतन बँकेत घ्या, संपल्यावर परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्या. २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे आली. गाडीत बसून बाहेरगावी जाणारा आपला पोरगा हमाल म्हणून जाणार की प्रमाणपत्र असलेला कारागीर म्हणून, हे याच कागदावर ठरेल.