क्षमा केली, तरी दुखतंच. मग?

नाशिकहून बोलतोय.

मागच्या आठवड्यात प्रार्थना सभा संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. म्हणाल्या, "दादा, मी त्यांना क्षमा केली. एकदा नाही, तीनदा केली. तरी रात्री छाती भरून येते. माझा विश्वास कमी पडतोय का?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. आठवली ती माझी आई. माझा धाकटा भाऊ गेला, तेव्हा घरी प्रार्थनेला आलेल्या एकाने तिला सांगितलं, "रडू नका, तो प्रभूजवळ आहे." आईने डोळे पुसले आणि चहा टाकायला उठली. नंतर चार-पाच वर्षं तिने त्याचं नाव घेतलं नाही. आणि आम्ही, म्हणजे मीसुद्धा बरं का, तिचा विश्वास किती मोठा म्हणून चारचौघांत साक्ष देत फिरायचो. वरून खपली धरली होती, आत जखम तशीच होती.

आज एका बाईंविषयी बोलायचं आहे. आपल्याच बाजूच्या. लक्ष्मीबाई टिळक. माहेर नाशिकजवळचं जलालपूर. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सोवळ्याचं असं काही वेड घेतलं की सगळं घर त्यात पिळून निघालं. एका माणसाची न बोललेली भीती पोरांनी कशी सोसली, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलंय. वाचताना हसू येतं, आणि मग हसल्याचं वाईट वाटतं.

पुढे लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण हा दिवस कवी टिळकांच्या बाजूने सांगतो, आनंदाचा म्हणून. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहा ना. पदरात लहान दत्तू, नवरा जिवंत असून दुरावलेला, आणि गावाचं बोलणं वेगळंच. म्हणजे त्यांची जखम झाली ती ख्रिस्ताच्याच नावाने! आपल्या मंडळीत हे कुणी मोठ्याने म्हणत नाही, पण म्हणायला हवं. विश्वासाच्या नावाखाली दुखावलेली माणसं आजही आपल्या बाकांवर बसलेली असतात.

सुमारे पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, बराच काळ पंढरपूरला बहिणीच्या आधाराने. मग नगरला नवऱ्याजवळ आल्या, तरी आपलं सोवळं, आपलं पाणी, आपला स्वयंपाक वेगळाच ठेवला. टिळक स्वभावाने तापट आणि लहरी. पण बाप्तिस्म्याची सक्ती त्यांनी केली नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पुढे एकदा जातीपातीचा विचार करता करता त्यांच्या मनात आलं की माणूस देवाने घडवला, जाती माणसाने केल्या. मग कुणाच्याही हातचं खायचं त्यांनी ठरवलं. बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. कुणी डोक्यावर हात ठेवला आणि एका रात्रीत सगळं बरं झालं, असं त्यात कुठेच नाही.

आणि बरं झाल्यावर त्या विसरल्या का? मुळीच नाही! साठी ओलांडल्यावर, टिळक जाऊन पंधरा वर्षं होत आली तेव्हा, १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपाने येऊ लागली. त्यात सगळं आहे: रडणं, राग, नवऱ्याचा विक्षिपतपणा, स्वतःची फजिती. सांगताना आवाज कापत नाही, एवढाच फरक.

आता पवित्र शास्त्राकडे या. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू रडला. ८८ वं स्तोत्र उघडा. शेवटी उजेड येतच नाही, ते अंधारातच संपतं, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. योहानाच्या २० व्या अध्यायात पुनरुत्थित प्रभूने थोमाला हातांवरचे खिळ्यांचे वण दाखवले. मृत्यूवर जय मिळवलेल्या शरीरावरही वण राहिले होते. मग आपल्याकडून आठ दिवसांत गुळगुळीत कातडीची अपेक्षा का?

त्या ताईंना मी एवढंच म्हणालो: क्षमा म्हणजे सूड सोडणं. ते तुम्ही केलंय. दुखणं वेगळं, त्याला वेळ लागतो. रात्र रात्र झोप लागत नसेल तर डॉक्टरकडेही जा, त्याने प्रार्थना हलकी होत नाही. आणि ज्याने दुखावलं त्याच्या घरी परत जायलाच हवं, असं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही.

येत्या बुधवारी त्या आमच्याकडे येणार आहेत. आईला हे सांगितलं, तर ती थोडा वेळ गप्प बसली. मग भावाचा फोटो पदराने पुसत म्हणाली, "मी बसते तिच्याजवळ. तू मात्र जास्त बोलू नकोस."