ख्रिस्ती तरुणांची रीतभात : काय शिकवायचं आणि कसं



आज समोर रविवारशाळेचे शिक्षक आहेत, आईवडील आहेत आणि तरुण मुलंमुलीही आहेत. म्हणून मी तिघांशीही बोलणार आहे. विषय जुनाच आहे. ‘आजकालच्या पोरांना रीतभात राहिली नाही’ ही मोठ्यांची तक्रार मी मानोऱ्यात ऐकतो, कारंज्याला ऐकतो, पुसदला गेलो तरी ऐकतो. आणि तरुणांना बाजूला घेऊन विचारलं तर त्यांचीही एक तक्रार असते : ‘चर्चमध्ये आम्हाला जे शिकवता, ते तुम्ही घरी पाळत नाही.’ मला दोन्ही तक्रारी खऱ्या वाटतात. त्यामुळे आधी हेच पाहू या, की रीतभात म्हणून आपण मुलांना नेमकं काय शिकवतो.

माझ्या मते आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालून त्यांच्या हातात देतो. पहिली, पवित्र शास्त्रातली शिकवण. दुसरी, मिशनरी लोकांबरोबर आलेली साहेबी पद्धत. तिसरी, आपल्या गावची आणि घराण्याची चालरीत. यातली कुठलीही गोष्ट मुळात वाईट नाही. पण त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ होतो. मुलगा उपासनेला साधा कुडता घालून आला तर आपण त्याला टोकतो. तोच मुलगा घरी आईवर खेकसतो, तेव्हा मात्र ‘वय आहे त्याचं’ म्हणून सोडून देतो. कुडत्याबद्दल शास्त्र काही सांगत नाही. आईबद्दल मात्र दहा आज्ञांतली एक आज्ञा आहे.

हा गोंधळ आजचा नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज गावी झाला. ज्या धर्मभगिनींच्या मठात त्या राहत होत्या, तिथे त्यांच्याविषयी प्रेम होतं, पण काही अपेक्षाही होत्या. रमाबाईंनी ख्रिस्त स्वीकारला, पण शाकाहार सोडला नाही. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं असावीत हे त्यांना पटलं नाही. आपल्या देशाच्या माणसाला लॅटिन परकी, मग संस्कृत का नको, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथल्या काहींना हा गर्व वाटला. पण पुढे दुष्काळात उपाशी, आजारी, टाकून दिलेल्या मुलींना याच बाईंनी केडगावला मुक्तीमध्ये आसरा दिला. तिथे त्यांना वाचायला आणि हाताने काम करून पोट भरायला शिकवलं. आता ठरवा, ख्रिस्ती वागणूक कशात होती? ताटात काय वाढलं होतं त्यात, की कोणाला घरात घेतलं त्यात?

मग शास्त्राची रीतभात कोणती? लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात शिमोन परूशी येशूला जेवायला बोलावतो. घर मोठं, पाहुणा मोठा. पण पाहुण्याच्या पायांवर पाणी घालायचं राहून गेलं. चुंबन देऊन स्वागत करायचं राहून गेलं. डोक्याला तेल लावायचं राहून गेलं. आणि येशू हे तिन्ही मुद्दे एकेक करून शिमोनाला ऐकवतो. म्हणजे प्रभूला अशा लहान गोष्टी दिसत नव्हत्या, असं नाही. त्या काळच्या त्या रिवाजांमागे एक साधी समज होती : माणूस चालून आला आहे, पाय धुळीने भरले आहेत, त्याला आराम हवा. आपल्या वऱ्हाडात उन्हातून आलेल्या माणसाला काही विचारण्याआधी तांब्याभर पाणी देतात, ती हीच समज. ज्या बाईला शिमोन कमी लेखत होता, तिनेच त्या घरात प्रभूचा पाहुणचार केला, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट करिंथच्या मंडळीची. तिथे प्रभुभोजनासाठी लोक जमायचे, पण ज्यांच्याकडे होतं ते आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. पौल पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात यावर अतिशय कडक बोलतो. आणि उपाय म्हणून काय सांगतो? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा, एवढंच. जेवणाच्या पंगतीतली ही एक साधी रीत, पण पौलाच्या लेखी ती पाळली नाही तर प्रभुभोजनाचाच अपमान होतो.

आपल्याकडची पंगत डोळ्यांसमोर आणा. नाताळचं जेवण आहे. पहिल्या पंगतीला कोण बसतं? पाहुणे, पाळक, पुरुष मंडळी. शेवटी कोण जेवतं? पहाटेपासून चुलीजवळ उभ्या असलेल्या बाया, आणि त्यांच्या हाताखाली राबलेल्या मुली. त्यांच्या वाट्याला भाजीचा रस्सा उरतो. आपण तरुण मुलांना शिकवतो की जेवण्याआधी प्रार्थना करा, मचमच आवाज करू नका, ताटात टाकू नका. चांगलंच आहे ते. पण ‘आज मुलं वाढतील आणि स्वयंपाक करणाऱ्या काकू-मावश्या पहिल्या पंगतीला बसतील’ हे एकदा करून पाहा. त्या दिवशी मुलांना जे कळेल, ते दहा प्रवचनांनी कळणार नाही.

याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातही बसण्याचीच गोष्ट आहे. सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्या माणसाला ‘तू तिथे उभा राहा’. याकोब याला भेदभाव म्हणतो. आपल्या चर्चमध्ये मळक्या कपड्यातला माणूस आला तर दारातला तरुण त्याला काय म्हणतो? मोठ्यांनी त्याला काय म्हणताना पाहिलं आहे, यावर ते ठरतं.

इथे जातीबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्या समाजात बऱ्याच ‘चांगल्या चालीरीती’ म्हणजे दुसऱ्यापासून अंतर ठेवण्याच्या रीती होत्या. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. वडिलांच्या कडक सोवळ्याओवळ्यात त्या वाढल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या लगेच त्यांच्या मागे गेल्या नाहीत. पुढे एकत्र राहू लागल्या तरी काही काळ त्यांचं सोवळं चालूच होतं. ते सुटलं ते हळूहळू, स्वतः विचार करून, माणसामाणसात देवाने भेद केलेला नाही हे मनाला पटल्यावर. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, वाट पाहिली. वागणूक बदलायची तर आतून बदलावी लागते आणि त्याला वेळ लागतो. शिक्षकांनी हे लक्षात ठेवावं. आणि आजही सोयरीक जुळवताना आपण हळूच ‘मूळचे कोण?’ असं विचारत असू, तर मुलांना शिष्टाचार शिकवण्याआधी आपणच पुन्हा रविवारशाळेत जाऊन बसायला हवं.

आता मानोऱ्यातल्या रोजच्या जगण्याकडे येऊ. इथे आपली घरं थोडी. शेजारी हिंदू, बौद्ध, मुसलमान, बंजारा समाजाचे लोक. वाशीमला नाझरीन मिशनने १९३८ साली रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. चर्चची पायरी कधी न चढलेल्या माणसाने ख्रिस्ती माणूस पाहिला असेल, तर तो तिथे पाहिला असेल, आणि तोही पहिल्यांदा नर्सच्या बोलण्यातून. तसंच तुमचंही आहे. बसमध्ये म्हाताऱ्या आजीला जागा देणारा मुलगा काही न बोलता साक्ष देत असतो. आणि दुकानदाराशी उर्मटपणे बोलणाराही साक्षच देत असतो, फक्त उलटी.

तरुण मला नेहमी एक प्रश्न विचारतात : शेजारच्या काकूंनी पूजेचा प्रसाद आणून दिला तर काय करायचं? कोणी घेतात, कोणी घेत नाहीत. पौलाने करिंथकरांना लिहिताना दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, आणि दोन्हीकडे दुसऱ्याच्या मनाचा विचार आधी केला आहे. तुमचा विवेक काय सांगतो ते तुमच्या पाळकांशी बोलून ठरवा. पण काकूंसमोर कसं वागायचं, याबद्दल मात्र दोन मतं नाहीत. उभं राहायचं, ‘या काकू, बसा’ म्हणायचं. घेत नसाल तर हात जोडून, हसून सांगायचं, ‘काकू, आम्ही घेत नाही, पण तुम्ही आठवणीने आलात, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका.’ नाक मुरडायचं नाही, तिथेच प्रवचन द्यायचं नाही, आणि समोर घेऊन मागे उकिरड्यावर तर मुळीच टाकायचं नाही. तो सगळ्यात मोठा अपमान. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेसाठी आपल्या तालुक्यातून माणसांचे लोंढे जातात. त्यांची भक्ती आपली नसेल. पण त्यांची तहान आपल्यासारखीच आहे. पाणी द्या, रस्ता विचारला तर नीट सांगा.

मोबाइलवरच्या वागण्याचंही हेच. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सकाळी वचन टाकायचं आणि दुपारी कोणाच्या मुलीचा फोटो तिला न विचारता पुढे पाठवायचा, हे एकाच हाताला शोभत नाही. साधी कसोटी ठेवा : ती व्यक्ती समोर बसलेली असती तर हे मी मोठ्याने वाचून दाखवलं असतं का? नसेल, तर पाठवू नका. ऐकलेली बातमी पुढे ढकलण्याआधी खरी आहे का ते पाहा. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा फक्त कोर्टापुरती नाही.

आता एक गंभीर गोष्ट, आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष द्यावं. ‘मोठ्यांना उलट बोलू नये’ हे आपण शिकवतो. पण त्याची दुसरी बाजू शिकवली नाही, तर तीच शिकवण घात करते. कोणी मोठा माणूस, मग तो नातेवाईक असो, शिक्षक असो की चर्चमधला मान्यवर असो, मुलाला किंवा मुलीला नको तसा स्पर्श करतो, घाणेरडं बोलतो, एकटं बोलावतो. तेव्हा गप्प बसणं हा शिष्टाचार नाही. तेव्हा ‘नाही’ म्हणायचं, तिथून निघायचं आणि विश्वासाच्या माणसाला सांगायचं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी २०१२ सालचा पॉक्सो कायदा आहे, आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर फुकट लागतो. रविवारशाळेच्या प्रत्येक मुलाला तो पाठ असावा. आणि मूल सांगायला आलं तर ‘मंडळीची बदनामी होईल’ हे वाक्य आपल्या तोंडून निघता कामा नये. लहानांना अडखळण करणाऱ्यांबद्दल प्रभू किती कठोर बोलला, ते आपल्याला माहीत आहे.

शेवटी, शिकवायचं कसं? नियमांची यादी भिंतीवर लावून फार काही होत नाही. १८८१ साली अमेरिकेत फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी ख्रिश्चन एंडेव्हर ही तरुणांची चळवळ सुरू केली. तिच्यात एक शहाणपण होतं : तरुणांना नुसतं समोर बसवून ठेवायचं नाही, सभा त्यांच्याच हाती द्यायची. जबाबदारी आली की वागणूक येते. आपणही तसं करू. महिन्यातली एक सभा तरुणांनी चालवावी. आलेल्यांचं स्वागत, वेळेवर सुरुवात, म्हाताऱ्यांना घरून आणणं आणि पोचवणं, नंतर सतरंज्या उचलणं, सगळं त्यांच्याकडे. मुलंमुली दोघांकडे. झाडू फक्त मुलींच्या हातात आणि माइक फक्त मुलांच्या हातात, असं नको. काही चुकलं तर चारचौघांत बोलू नका. प्रभूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितलंच आहे, की आधी एकट्याला भेटून चूक दाखवावी.

आणि आईबापांनी एक गोष्ट करावी. चूक झाली तर मुलाची माफी मागावी. ‘बाळा, काल मी उगाच ओरडलो, माझं चुकलं.’ एवढं वाक्य. बापाचा मान याने कमी होत नाही. माफी कशी मागतात हे मुलाला दुसरं कोणी शिकवू शकत नाही, आणि ज्याला ते येतं त्याची बाकीची रीतभात फारशी शिकवावी लागत नाही.

पौलाने तरुण तीमथ्याला सांगितलं, की तुझं वय लहान म्हणून कोणी तुला कमी लेखू नये, तर बोलण्यात आणि वागण्यात तू विश्वासणाऱ्यांचा कित्ता हो. लहान वयाच्या माणसाने मोठ्यांचा कित्ता व्हायचं! म्हणून तरुणांनो, आम्ही मोठे चुकतो हे कबूल, पण आम्ही सुधारायची वाट पाहत बसू नका. आज सभेनंतर चहा आहे. कप कोण उचलतो, हे मी बघणार आहे, आणि मीही उचलणार आहे.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.